सकाळी सात चाळीसची गाडी

माझ्या जेवणाच्या डब्यांच्या कामात मला रोज तीन गाड्या वेळेवर लागतात. दुधाची, भाजीची आणि निगमची, म्हणजे महापालिकेची, कचऱ्याची. पहिल्या दोन चुकल्या तर मी निभावून नेते. दूध कोपऱ्यावरून येतं, भाजीऐवजी पिठलं होतं. तिसरी चुकली तर माझं स्वयंपाकघर अडतं. म्हणून लोक हॉटेलांबद्दल आणि मिक्सरबद्दल अभिप्राय लिहितात, तसा मी या गाडीबद्दल लिहायला बसले आहे. दहा वर्षं होत आली तिला वापरून, तेव्हा लिहिण्याइतकं जमा झालं आहे.

आधी माझी बाजू सांगते. मी १९८९ साली लग्न होऊन धारहून इंदुरात आले. आता सुदामा नगरात राहते आणि घरून २६ डबे देते. बहुतेक भंवरकुआला क्लासला येणारी मुलं, आणि अन्नपूर्णाच्या बाजूला एकटे राहणारे चार-पाच म्हातारे, ज्यांची मुलं पुण्या-बंगळूरला असतात. २६ माणसांच्या दोन वेळच्या भाज्या चिरल्या की मेथीचे देठ, कोबीची वरची पानं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, आणि डब्यांतून परत आलेलं अन्न मिळून ओला कचरा रोज सहा-सात किलो होतो. साध्या चौकोनी घराला हा आकडा मोठा वाटेल. मे महिन्यात हा ढीग एक दिवस जरी घरात राहिला तर काय होतं, ते ज्यांनी मोठा स्वयंपाक केला आहे त्यांना सांगायला नको.

गाडी यायच्या आधीचे दिवस मला नीट आठवतात. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कचरापेटी होती. ती भरून वाहायची, गाई तोंड घालायच्या, कुत्री पिशव्या ओढत आमच्या फाटकापर्यंत आणायची. मी संध्याकाळी सातच्या सुमारास दोन बादल्या घेऊन तिथे जायची, आणि शेवटची दहा पावलं उरली की बादली लांबूनच फेकायची. सगळेच तसं करत. पेटीच्या आत कमी आणि बाहेर जास्त पडायचं.

निगमनं आधी दोन वॉर्डांत घरोघरी गाडी पाठवून पाहिली, मग हळूहळू शहरभर सुरू केली, आणि पाठोपाठ पेट्याच उचलून नेल्या. आमच्या कोपऱ्यावरची पेटी गेली तेव्हा मी घाबरले होते, खरं सांगते. गाडी नाही आली तर सहा किलो कचरा घेऊन जायचं कुठे? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चार दिवस येईल, मग बंद होईल. देशातल्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१६ साली इंदूर २५ वं होतं. २०१७ साली पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत पहिला नंबर सोडला नाही. २०२३ चा मान तेवढा सुरतसोबत वाटून मिळाला. बाहेरगावचे पाहुणे या नंबराबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना गाडीची वेळ सांगते. आमच्याकडे सात चाळीस. पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे.

माझ्या मते सगळी किमया या वेळेत आहे. लोकांना जागरूक केलं, भिंतींवर चित्रं काढली, शाळांत शपथा झाल्या, हे सगळं झालं आणि ते चांगलंच झालं. पण ओलं आणि सुकं वेगळं ठेवायची सवय माझ्या घराला लागली ती ओलं रोज ठरल्या वेळी घराबाहेर जाणार ही खात्री पटल्यावर. उद्या सकाळी जाणार आहे म्हटल्यावर माणूस झाकणाचा डबा ठेवतो. कधी जाईल ते माहीत नसलं की सगळं एका पिशवीत कोंबून गाठ मारतो आणि नजरेआड करतो. ज्या शहरांत वर्गीकरण जमत नाही म्हणतात, तिथल्या लोकांना नावं ठेवण्याआधी तिथली गाडी किती वाजता येते ते विचारायला हवं.

गाडीत दोघं असतात. चालवणारे भैया आणि मागे हेल्पर दीदी. सुरुवातीच्या वर्षी एका संस्थेच्या मुलीही बरोबर यायच्या. त्या डब्यात डोकावून बघायच्या आणि ओल्यात प्लास्टिक दिसलं की डबा परत द्यायच्या. माझा डबा दोनदा परत आला आहे. एकदा कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, एकदा तेलाची फाडलेली पिशवी. सगळ्यांसमोर परत आल्यामुळे मला लाज वाटली, पण त्या मुलीनं आवाज चढवला नव्हता. तिनं नुसतं ते रबर उचलून माझ्या हातात ठेवलं. तेव्हापासून भाजी निवडायला बसताना मी पाटाशेजारी एक वाटी ठेवते, रबरांसाठी. आता तीन वाट्या झाल्या आहेत.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांत घरानं कचऱ्याचे तीन भाग करावेत असं होतं: ओला, सुका आणि घरगुती घातक. इंदुरात गाडीला सहा कप्पे झाले. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक, म्हणजे फुटलेले बल्ब, सेल, जुनी औषधं. सहा म्हटल्यावर पहिल्यांदा मला फार वाटले होते. प्रत्यक्षात रोज बाहेर येतात ते तीनच, बाकीचं पंधरवड्यातून एकदा. सांचीच्या दुधाच्या पिशव्या मी विसळून दोरीवर वाळवते आणि आठवड्यानं एकत्र देते.

सॅनिटरीच्या कप्प्याबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे. माझ्या सासूबाई शेवटचे चौदा महिने अंथरुणावर होत्या. डायपर दिवसाला तीन, कधी चार. तोपर्यंत आम्हा बायकांचे पॅड म्हणजे काळ्या पिशवीत लपवून, घरातल्या पुरुषांच्या नजरेआडून, कुठेतरी सरकवायची वस्तू होती. पुढे ती पिशवी कुणीतरी उघडत असे. कचरा निवडणारं माणूस हातानं ती फाडत असे. हा विचार मला पन्नाशीपर्यंत आला नव्हता, आणि याचं मला वाईट वाटतं. सासूबाईंच्या वेळी दीदीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काकी, घर में कोई बीमार है क्या?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, कागदात घट्ट गुंडाळून वेगळं द्या, म्हणजे मला कळतं. मग रोज मी पुड्या बांधून द्यायची आणि ती न बोलता वेगळ्या कप्प्यात टाकायची. ज्या दिवशी पुड्या आल्या नाहीत त्या दिवशी तिला कळलं. तिनं गाडी थांबवली आणि फाटकाशी येऊन माझा हात धरला. आमच्या नात्यातले काही लोक त्या दिवशी पोचले नव्हते.

आमचं महिला मंडळ एकदा देवगुराडियाला कचऱ्याचा प्लँट बघायला गेलं होतं. मी पूर्वी तिकडे जायची ती श्रावणी सोमवारी महादेवाला, आणि रस्त्यात पदर नाकाला लावून, कारण शहराचा सगळा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या ट्रेंचिंग ग्राऊंडवर पडायचा. सुमारे १३ लाख टनांचा तो जुना डोंगर यंत्रांनी चाळून हटवला आहे. आता तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस होतो. रोज ५५० टन कचरा घेण्याची क्षमता असलेला हा प्लँट १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला आणि त्या गॅसवर शहरात बसेस धावतात. आमच्या गल्लीतली छोटी गाडी तिथवर जात नाही. ती जवळच्या ट्रान्सफर स्टेशनवर रिकामी होते, तिथे कचरा दाबून मोठ्या कॅप्सूलमध्ये भरतात, ओला वेगळा आणि सुका वेगळा, आणि मोठी गाडी तो पुढे नेते. बंद टाक्यांत, हवा न लागता, जिवाणू हे अन्न खातात आणि त्यातून गॅस सुटतो. उरलेल्या चोथ्याचं खत होतं. एवढं कळल्यावर रबराचा हट्ट कशासाठी होता तेही कळलं. रबर, प्लास्टिक, काच जिवाणूंना पचत नाही, यंत्रात मात्र अडकतं.

माझ्या कामाला या सगळ्याचा एक फायदा झाला जो कुणी जाहिरातीत सांगितला नव्हता. ओलं वेगळं दिसायला लागल्यावर डब्यांतून काय परत येतं ते मला दिसायला लागलं. दुधीच्या दिवशी ओला डबा जड. मसूरच्या उसळीच्या दिवशी हलका. मी भाताचं माप एक वाटीनं कमी केलं, पोळ्या विचारून द्यायला लागले, दुधी कोफ्ता करून पाहिला. महिन्याला दोन-अडीच किलो तांदूळ वाचतो. पैशापेक्षा मला त्यातलं समाधान जास्त आहे. शिजवलेलं अन्न टाकताना अजूनही हात थांबतो.

आता गल्लीबद्दल. गाडी सात चाळीसला येते म्हणजे सात पस्तीसला सगळी गल्ली फाटकाशी उभी असते. आमच्याकडे १८ घरं. मराठी सात, बाकी मालवी, सिंधी, एक केरळचं कुटुंब. पेटीच्या काळात जो तो आपापल्या वेळी जाऊन फेकून यायचा, तोंड चुकवून. मी इथे २६ वर्षं राहत होते आणि चौथ्या घरातल्या भाभींचं माहेर उज्जैनचं आहे हे मला गाडीची वाट बघताना कळलं. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाच्या नळाला आज पाणी नाही, कोण दोन दिवस दिसलं नाही, हे सगळं त्या पाच मिनिटांत होतं. एकटे राहणारे एक काका सलग दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा घेऊन आले नाहीत, म्हणून आम्ही दार ठोठावलं. ते न्हाणीघरात पडले होते. पाय मोडला होता, जीव वाचला.

या फाटकावरच्या बोलण्यातूनच बॅकलेनचं काम निघालं. जुन्या वसाहतींत घरांच्या दोन रांगांमध्ये मागच्या बाजूला एक अरुंद गल्ली असते, ड्रेनेजच्या लाइनीसाठी सोडलेली. आमची बारा फुटांची होती आणि तिच्यात फुटके कमोड, विटांचे तुकडे, जुन्या गाद्या असं सगळं साठलं होतं. समोरून आम्ही नंबर एकच्या शहरात राहत होतो आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली की उंदीर. निगमनं शहरात बॅकलेन साफ करायला घेतल्या तेव्हा आम्ही आमच्या भागाच्या दरोगांना, म्हणजे सफाईच्या मुकादमांना, गाडीशीच गाठलं. ते म्हणाले, मलबा आम्ही उचलतो, पण आपापल्या मागच्या दाराजवळचं तुम्ही मोकळं करा. दोन रविवार लागले. रंग मुलांनी लावला. आता संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही तिथेच करतो. सतरंजी टाकली की साठ बायका बसतात. मुलांचं क्रिकेट तिथे चालतं आणि माझ्या खिडकीच्या काचेबद्दल मी काही बोलत नाही.

त्याच बॅकलेनमध्ये आम्हाला या सगळ्या व्यवस्थेची दुसरी बाजूही दिसली. एका पावसाळ्यात तिथला ड्रेनेजचा चेंबर उलटा वाहू लागला. मोबाइलवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी निरोप आला की काम झालं. पाणी घोट्याएवढं तसंच होतं. पुन्हा फोटो काढून टाकला, पुन्हा झालं म्हणून निरोप. ज्या ठेकेदाराकडे ते काम होतं त्याचं नाव मी इथे घेत नाही. चौथ्या वेळी त्यानं दोन पोरं पाठवली. त्यातला एक, माझ्याकडे डबा घेणाऱ्या मुलांच्या वयाचा, कंबरेला दोर नाही, तोंडाला काही नाही, झाकण काढून आत पाय सोडायला लागला. आम्ही सहा बायका तिथे होतो. आम्ही त्याला हाताला धरून मागे ओढलं. गटारात माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आत काय वायू साठतो ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तो पोरगा म्हणाला, "काम नहीं हुआ तो पैसा कटेगा." त्याला मी घरात बसवून जेवायला वाढलं आणि फाटकावर सह्या गोळा करायला सुरुवात केली. १८ पैकी १६ घरांच्या सह्या. त्या घेऊन आम्ही पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, गेलो. मशीन यायला पुढे नऊ दिवस लागले.

मशीननं उपसलं तेव्हा आत चिंध्या आणि सिमेंटचे गोळे निघाले. आणि एक गोष्ट जी ऐकून सगळे गप्प झाले: आमच्याच रांगेतल्या दोन घरांनी गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलं होतं. ती लाइन घरातल्या सांडपाण्याच्या मापाची असते. तासभर जोराचा पाऊस झाला की तिच्यात दोन गच्च्यांचं पाणी मावत नाही आणि ते सगळ्यांत खालच्या चेंबरमधून वर येतं. त्या दोन्ही घरांनी पाइप तोडून अंगणात शोषखड्डा केला. एकानं लगेच, दुसऱ्यानं पुष्कळ बोलणी झाल्यावर. पुढच्या पावसाळ्यात चेंबर शांत होता.

म्हणून माझं मागणं असं आहे. गाडीला मी पाचपैकी पाच देते, भैया आणि दीदींना त्याहून जास्त. पण चेंबरसाठी आम्हाला सह्या घेऊन दारोदार जावं लागू नये. ७४ व्या घटनादुरुस्तीत तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत आणि २०११ च्या जनगणनेतच वस्ती १९ लाखांच्या वर होती. एका पार्षदानं किती घरांचे चेंबर लक्षात ठेवायचे? महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, ठरल्या जागी, वॉर्डातल्या लोकांना बसवून विचारावं की काय तुंबलं आहे, कुठला दिवा बंद आहे, कुठलं काम झालं म्हणून लिहिलं आहे आणि झालेलं नाही. गाडीसारखंच. वेळ ठरलेली असली की लोक येतात, हे आमच्या गल्लीनं रोज दाखवलं आहे. जागा नसेल तर आमची बॅकलेन आहे, सतरंज्या माझ्याकडे आहेत.

आणखी दोन बारीक गोष्टी. खोल्या करून राहणारी मुलं सात चाळीसला झोपलेली असतात आणि पिशवी फाटकाला अडकवून ठेवतात. मी माझ्याकडे डबा घेणाऱ्या मुलांना डब्यावर चिठ्ठी लावून सांगते, पण खोली भाड्यानं देणाऱ्या घरमालकांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आणि गाडीवरच्या बायकांसाठी वाटेत स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते कुणीतरी बघावं. आमच्या दीदी पहाटे घर सोडतात. माझ्या अंगणातल्या न्हाणीघराची कडी त्यांच्यासाठी उघडी असते, पण प्रत्येक गल्लीत त्यांना असं विचारायला संकोच वाटणारच.

गोगा नवमी हा वाल्मिकी समाजाचा मोठा सण. आपल्याकडे गोपाळकाल्याची धामधूम असते त्याच सुमारास तो येतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी इंदुरातले सफाई कर्मचारी, त्यांतले पुष्कळजण याच समाजाचे, सुटीवर असतात आणि शहर लोक झाडतात. महापौर, अधिकारी, सगळे रस्त्यावर उतरतात. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा खराटा घेतला. माझ्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, जिथे पूर्वी पेटी होती तिथपर्यंत, फार तर शंभर पावलं. गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, कडुनिंबाची पानं. पानं सगळ्यांत अवघड, मागे वळून पाहिलं की पुन्हा तितकीच. पाऊण तास लागला आणि उजव्या तळव्याला दोन फोड आले.

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला गाडी आली. दीदीनं डबा घेताना माझ्या हातावरची पट्टी पाहिली आणि विचारलं. मी सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला, माझ्याकडून खराटा मागवला आणि दाखवलं: वरचा हात घट्ट, खालचा सैल, जोर खांद्यातून, मनगटातून नाही. मग माझ्याकडून दोनदा करवून घेतलं. भैयांनी हॉर्न दिला, पुढच्या घराच्या भाभी डबा घेऊन उभ्या होत्या.